शेवटचं वाक्य तुमचं नव्हतं

बाई,

अक्षर वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घही चुकतील. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. तुमच्या वहीत मी जपून लिहायचे. एक ओळ झाली की थांबायचे, तुम्ही "पुढे" म्हणेपर्यंत. इथे पुढे म्हणायला कोणी नाही, तेव्हा वेडंवाकडं येईल.

ही वही वेगळी आहे. ज्योतीने कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानातून, दूध-ब्रेडबरोबर आणली. मी तिला सांगितलं, सामानाच्या याद्या करायला हवी आहे. पोटच्या मुलीशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, पण काय लिहिणार आहेस असं तिने विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. मला रडू आलेलं नाही. ज्योती नर्स आहे, तिने अशी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. ती म्हणते, येईल, वाट बघू नकोस. मी वाट बघत नाहीये. जेवते, झोपते, नातीचा डबा भरते. अकरा वाजले की बूट घालते, कारण अकराला मी तुमच्याकडे निघायचे. मग काढते. काल काढायचे राहून गेले आणि मी तशीच दुपारपर्यंत सोफ्यावर बसले होते. ज्योतीने विचारलं, "आई, कुठे जायचंय का?" मी म्हटलं, "नाही."

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुमच्या पुस्तकातलं शेवटचं वाक्य तुमचं नाही. तुम्ही सांगितलं एक आणि मी लिहिलं दुसरं. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून ते खपलं.

पहिल्यापासून लिहिते, म्हणजे मलाही कळेल.

तुमच्याकडे मला ज्योतीने पाठवलं. म्हणाली, "आमच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मिलिंदची आई आहे. पुण्याला कॉलेजात चित्रकलेचा इतिहास शिकवायच्या. डोळे गेलेत, त्यांना मराठी वाचून दाखवायला कोणीतरी हवंय."

"मला कुठं वाचता येतं?"

"पेपर वाचतेस की."

"तो मनात वाचते."

"मग आता तोंडाने वाच. तेवढंच घराबाहेर पडशील."

इथे न्यूझीलंडला, पामीत येऊन मला दीड वर्ष झालं होतं, आणि परक्या माणसाशी मी हॅलो आणि थँक्यूच्या पुढे गेले नव्हते. तुमच्या दारात मी पिशवी छातीशी धरून उभी राहिले. तुम्ही माझ्याकडे तिरकं बघितलंत. "घाबरू नकोस," म्हणालात. "मला मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. तुझे कान दिसतात, नाक नाही." मी हसले. नंतर घरी जाऊन आरशात कान बघितले.

मग तुम्ही ते खोकं पुढे ओढलंत. तीस वर्षांचे कागद, सगळे एकाच माणसावरचे. दीडशे वर्षांपूर्वीचा फ्रान्सचा चित्रकार. त्याचं नाव माझ्या जिभेला कधी वळलं नाही, आणि इथे चुकीचं लिहिण्यापेक्षा लिहीतच नाही. मी बोट ठेवून वाचायचे. फ्रेंच नाव आलं की पाय अडकायचा. एकदा मी सरळ "फलाणा" म्हणून पुढे गेले.

"फलाणा काय, सुमन? त्या माणसाला नाव आहे."

"मला म्हणता येत नाही, बाई."

"मग थांब, मी म्हणते. पण गाळू नकोस."

रोज दोन पानं, कधी तीन. तेवढ्यातून तो मला हळूहळू कळला. नावाड्याचा मुलगा. अठराव्या वर्षी पॅरिसला गेला तो चालत, बूट झिजू नयेत म्हणून हातात धरून. तिथे दर वर्षी एक मोठं सरकारी प्रदर्शन भरायचं. त्यात चित्र लागलं तर तुम्ही चित्रकार, नाही तर घरी जा. त्याची चित्रं सात वर्षं परत आली. आठव्या वर्षी एक घेतलं ते पार छताजवळ टांगलं, मान दुखेपर्यंत वर बघितलं तरच दिसेल असं. पोटासाठी त्याने बेकरीच्या पाट्या रंगवल्या. एका हिवाळ्यात चित्रांच्या चौकटी चुलीत घातल्या. मग भाडं परवडेना म्हणून नदीकाठच्या एका गावात राहायला गेला. तिथे बायका धुणं धुवायला यायच्या आणि तो त्यांच्याकडे बघत बसायचा. त्यातूनच त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र आलं, एका धोबिणीचं. लोक हसले, मातीच्या पायांची बाई म्हणाले. वीस वर्षांनी तेच सरकारने विकत घेतलं आणि वर पदक दिलं. मग म्हातारपणी तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी तेच चित्र पुन्हा पुन्हा काढत राहिला. ती नंतरची चित्रं तुम्हाला आवडत नसत. "हात तोच आहे," म्हणायचात, "पण आता तो बघत नाही."

त्या चित्राची मोठी प्रत तुम्ही पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवली होती. खरं चित्र बघायला आयुष्यात एकदाच गेलात, अकरा दिवस. त्यातले दोन दिवस त्याच्यासमोर बसून काढलेत. तिथल्या पहारेकऱ्याने तुम्हाला खुर्ची आणून दिली, हे सांगताना तुम्ही दर वेळी खूश व्हायचात.

मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "काय दिसतं?"

बाई, पुण्यात बावीस वर्षं मी पाच घरची धुणी-भांडी केली. भिंतीवरच्या चित्रांवरची धूळ पुसली. काय दिसतं, असं मला कोणी विचारलं नव्हतं.

"बाई चादर पिळतेय," मी म्हटलं. "डबलची आहे."

"आणि?"

"पलीकडं कुणीतरी आहे."

तुम्ही खुर्चीत सरळ झालात. "कुठे? चित्रात एकच बाई आहे."

"चित्रात एकच आहे. पण चादरीचं दुसरं टोक चित्राच्या बाहेर गेलंय ना, ते कुणीतरी धरलंय."

"खुंटीला बांधलं असेल."

"खुंटीला बांधलं की माणूस अंग मागं टाकतं. सगळा भार देऊन पिळतं. समोर माणूस असलं की नाही टाकत, ते पडेल ना. ही बघा कशी ताठ उभी आहे."

तुम्ही उठलात, कपाट चाचपून चादर काढलीत आणि बादलीत बुडवलीत. मागच्या अंगणात छत्रीसारखा फिरणारा कपडे वाळत घालायचा खांब आहे, त्याला एक टोक बांधायला लावलंत. दुसरं धरून पिळायला लागलात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या तुम्ही, पायात मिलिंदच्या जँडल्स म्हणजे रबरी चपला, पदर खोचलेला. अंग आपोआप मागे गेलं. मग मी टोक सोडवून हातात धरलं. तुम्ही पिळलंत, आणि ताठ उभ्या राहिलात. पुन्हा खांब, पुन्हा मी. असं चार वेळा. कुंपणावरून शेजारचे गोरे आजोबा म्हणाले, मशीन बिघडलंय का, आमचं वापरा. तुम्ही म्हणालात, "रिसर्च." ते "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या भाषेत मस्तच, म्हणून आत गेले.

"तीस वर्षं," घरात आल्यावर तुम्ही म्हणालात, "तीस वर्षं मी त्या चित्रातला उजेड बघितला. चादर ओली आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही." हात तसेच गळत होते. मी टॉवेल दिला.

त्यानंतर तुम्ही पुस्तक नव्याने सांगायला घेतलंत आणि मी लिहायला. चादरीच्या पानावर तुम्ही सांगितलंत, लिही, ही गोष्ट सुमन जाधव यांनी दाखवून दिली.

"माझं नाव कशाला, बाई? लोक हसतील."

"हसू देत. लिही."

मी लिहिलं.

"बारीक लिहिलंस. मोठं लिही."

"तुम्हाला दिसतं?"

"पेनाचा आवाज येतो ना."

त्या दिवशी घरी जाताना मी नदीच्या बाजूने लांबून गेले. समोर डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरत होत्या. मला कोणाला तरी सांगायचं होतं आणि कोणालाच सांगायचं नव्हतं. बरं वाटलं, असं तुम्हालाही कधी सांगितलं नाही. आता सांगते. बरं वाटलं होतं.

भांडण झालं ते त्याच्या खर्चाच्या वहीवरून. तुम्ही फ्रान्सहून त्या वहीच्या नकला मागवल्या होत्या. बेकरीवाल्याचं नाव त्यात पूर्ण लिहिलेलं, रंगवाल्याचं पूर्ण लिहिलेलं. आणि दर महिन्याला एक ओळ, धोबीण, बाकी. त्याचे कपडे ती धुवायची आणि चित्रासाठी उभी राहायची तीही तीच. दोन्हीचे पैसे बाकी. महिन्यामागून महिने बाकी, आणि मग वही संपली. पुढची वही कोणालाच सापडली नाही.

"मग पैसे मिळाले का तिला?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"पण पुढं त्याच्याकडं पैसा आला ना?"

"आला."

"मग दिले असतील."

"असतील म्हणजे काय? असतील हे पुस्तकात चालत नाही, सुमन. मला माहीत नाही. आणि माहीत नाही असं लिहिण्यासाठी मला तीस वर्षं लागली आहेत."

मी पुढचं वाचायला घेतलं. पण दर चार-आठ दिवसांनी मी ते पुन्हा काढायचे. दुसरं काही वाचता वाचता मध्येच विचारायचे, कुठल्या पत्रात असेल का, त्याच्या पुतण्याला ठाऊक असेल का. तुम्ही सगळीकडे लिहून बघितलं होतंत. एकदा मी म्हटलं, "त्या फलाण्याचं नाव गाळू नकोस म्हणता. त्यानं हिचं गाळलंच की."

तुम्ही चिडलात. "तुला चौथीच्या पुस्तकातल्यासारखा शेवट हवाय. सगळ्यांचं भलं झालं, असा."

मी वही मिटली. म्हटलं, नातीला शाळेतून आणायचंय. शाळा तीनला सुटते आणि तेव्हा बारा वाजले होते, हे तुम्हालाही माहीत होतं. चार दिवस मी आले नाही. पाचव्या दिवशी तुमचा फोन. "सुमन, वाक्य अर्धं राहिलंय." मी आले. तुम्ही चहा करून ठेवला होता, साखर निम्मी ओट्यावर होती. चुकलं असं तुम्ही म्हणाला नाहीत, मीही नाही. चौथीचं बोललेलं मला लागलं होतं. ते जाऊ दे, असं निदान मी म्हणायला हवं होतं.

शेवटचं पान मंगळवारी झालं. बाहेर वारा होता, हीटपंप घरघरत होता. तुम्ही डोळे मिटून सांगितलंत, "धोबिणीची बाकी त्याने फेडली की नाही, हे सांगणारा एकही कागद उरलेला नाही."

मी लिहिलं, पुढे त्याने धोबिणीची सगळी बाकी फेडली.

का लिहिलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. राग नव्हता. तुम्हाला फसवावं असंही नव्हतं. दोन वर्षं मी त्या चित्रातल्या बाईसमोर रोज बसत होते. ती एवढी ओली चादर धरून उभी आहे आणि पुस्तक संपतंय. आता तिच्याकडे पुन्हा कोण कशाला येईल, असं काहीतरी वाटलं. तोवर हाताने लिहिलं होतं.

"झालं?"

"झालं."

"वाच."

आणि मी तुमचं वाक्य वाचलं. डोळ्यांसमोर माझं होतं, तोंडातून तुमचं आलं, शब्दाला शब्द. तुम्ही मान हलवलीत. "कोरडं आहे," म्हणालात, "पण खरं आहे." मग वहीवर हात ठेवलात आणि दमले म्हणालात.

शुक्रवारी येऊन खोडायचं मी ठरवलं होतं. गुरुवारी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पडलात.

हॉस्पिटलमध्ये तुमची वाचा गेली होती. ज्योती मला आत घेऊन गेली. "त्यांना ऐकू येतंय, आई. बोल काय बोलायचंय ते," असं म्हणून ती बाहेर थांबली. चांगली दहा मिनिटं थांबली. तेवढ्यात सगळं सांगून झालं असतं. मी तुमची चादर नीट केली. "बाई, मी सुमन," एवढंच म्हटलं. तुम्ही बोट हलवलंत. 'पुढे' म्हणायचं असेल. नसेलही.

तेराव्याला मिलिंदने हॉल घेतला होता. पन्नासेक माणसं होती. त्याने तुमची वही उघडून शेवटचं पान वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला कोणीतरी हलकेच वा म्हणालं. जेवणाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. "मावशी, आईने शेवट असा केलाय हे मला माहीतच नव्हतं," म्हणाला. "लहानपणी चित्र दाखवलं की आधी सांगायची, हात कुठे चुकलाय. बाबा आजारी होते तेव्हा मी सारखा विचारायचो, बरे होतील ना? तर म्हणायची, माहीत नाही. आठ वर्षांचा होतो मी. कधी काही गोड करून सांगितलं नाही हो तिने. शेवटी त्या बाईला तरी तिने पैसे मिळवून दिले."

कोणीतरी माझ्या ताटात भात वाढला. मी तो खाल्ला.

परवा तो घरी आला. वही पुण्याला टाइप करायला पाठवतोय, काही राहिलंय का, एवढं विचारायला. गाडीची किल्ली हातातच होती. मी म्हटलं, "डॉक्टर, शेवटचं वाक्य बाईंचं नाही."

"म्हणजे?"

"ते माझं आहे. बाईंनी वेगळं सांगितलं होतं."

तो बसला. "तुम्ही तिला वाचून दाखवलं नाहीत?"

"दाखवलं. वाचलं त्यांचं. लिहिलं होतं माझं."

"मी ते सगळ्यांसमोर वाचलं, मावशी."

"हो."

त्याने किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "राहू दे आता. इट्स ओके. फ्रान्समध्ये कोण मराठी वाचणार आहे? कोणाला कळणार?"

बाई, मला क्षणभर वाटलं, राहू दे. तो मुलगा आहे, तो म्हणतोय. मी मान हलवली असती तर संपलं असतं. पण तुमचा आवाज डोक्यात होता, तीस वर्षं लागली आहेत म्हणणारा.

"नको," मी म्हटलं. "'माहीत नाही' एवढं लिहायला त्यांनी तीस वर्षं घातली."

तेव्हा त्याचा आवाज चढला. "मग सांगितलंत कशाला मला? मला ते वाक्य हवं होतं."

"मलाही हवं होतं," मी म्हटलं.

त्याने वही मागे चाळली. चादरीच्या पानावर थांबला. माझ्या नावावर बोट ठेवलं. "आणि हे? हेही तुम्हीच घातलंत?"

हा प्रश्न येणारच होता. मी म्हटलं, "ते बाईंनी लिहायला लावलं."

"खरं?"

"खरं. तुमच्या शेजारच्या आजोबांना विचारा. आम्ही अंगणात चादर पिळत होतो तेव्हा ते कुंपणाशी उभे होते."

त्याने नावावरून बोट उचललं. मग म्हणाला, "माझ्या जँडल्स चिखलाने भरल्या होत्या, तो दिवस?" मी हो म्हटलं. त्याने पेन काढलं. "सांगा आईचं वाक्य."

मी सांगितलं. त्याने माझी ओळ खोडली आणि खाली तुमची लिहिली. डॉक्टरचं अक्षर, माझ्याहून वाईट. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं. धोबिणीची बाकी त्याने फेडली की नाही, हे सांगणारा एकही कागद उरलेला नाही. "हो," म्हणाला. "ही आई." आणि टेबलावर डोकं ठेवून रडला. मी चहा ठेवला. मला तेव्हाही आलं नाही.

तर बाई, पुस्तक आता पुन्हा तुमचं आहे, शेवटच्या वाक्यासकट. मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं नाही, खोटं लिहिलं. कशाची माफी मागायची ते मला नक्की ठरवता येत नाही. दोन्हीची मागते.

आणि ही वही माझी आहे. हिला कुठल्या कागदाचा आधार लागत नाही, कोणी ती वाचणारही नाही. इथे 'असतील' म्हटलं तरी चालतं. म्हणून लिहिते.

चित्र विकलं गेल्यावर एका सकाळी तो तिच्या दारात गेला असेल. आत ये म्हणायला तिच्याकडे खुर्ची नसेल, म्हणून दोघं उंबऱ्याशीच उभी राहिली असतील. त्याने वही उघडून एकेक महिना वाचला. धुण्याचे वेगळे दिले, उभं राहण्याचे वेगळे दिले. तिने ओचा पुढे केला आणि पैसे दोनदा मोजले. पुरे भरले.